मुंगळबावेचं गोडं पाणी

ही मुंगळबाव. बाव म्हणजे विहीर. पाव्हणे, डोकावायच्या आधी हात धुऊन घ्या, कोपरापर्यंत. इस्त्रीच्या शर्टातले हात स्वच्छच असतात हे आम्हाला ठाऊक आहे, पण इथे कलेक्टरलाही धुवावे लागतात. पाय पण. आणि तो खोबरेलाचा डबा आहे, त्यातले दोन थेंब चोळा. दोनच म्हटलं, आंघोळ करू नका.

आता बघा. तीन बाजूंना मिठागरं, चौथीकडे खाडी, आणि मधोमध या वाळूच्या उंचवट्यावर गोड्या पाण्याची विहीर. शिकलेले लोक येतात, बाटलीत पाणी नेतात, तपासतात, मान हलवतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बाटली घेऊन येतात. आमच्या खारटेंभी गावात हिचं कारण वेगळं सांगतात. फार जुनं आहे ते, आमच्या पणज्याच्या पणज्याच्या वेळचं, म्हणजे खोटं असलं तरी भांडायला कोणी उरलेलं नाही.

त्या काळी म्हणे सगळं गाव खाजवायचं. एकटंदुकटं नाही, सगळं. देवापुढे उभं राहिलं तरी एकच हात नमस्काराला, दुसरा पाठीवर. पंचायत भरली की निवाडा चटकन लागायचा, कारण पंचांना बसवत नसे. लग्न लावणारी धवलारीण गाणं अर्ध्यावर टाकून घोटा खाजवी आणि पुन्हा सुरू करताना दुसऱ्याच नवऱ्याचं नाव घेई. दोन-तीन संसार त्यामुळे चुकीचे लागले असं सांगतात. बरे चालले म्हणे.

कारण उघड होतं, पण कुणाच्या डोक्यात येत नव्हतं. दिवसभर खाऱ्या पाण्यात गुडघ्याएवढं उभं राहायचं, तेच पाणी उन्हात अंगावर वाळवायचं, आणि ते पांढरं अंग घेऊन तसंच जेवायचं, तसंच झोपायचं. जेवणात भात आणि सुकट. उद्या सुकट आणि भात. हिरवं पान गावात उगवतच नव्हतं. पाणी डोंगराखालच्या वाडीतून आणायचं, दोन कोस, बाईमागे दिवसाला एक हंडा. त्या पाण्याला ‘पेयाचं’ म्हणत. ते प्यायचं, बस. चार थेंब पायावर सांडले तर सासू संध्याकाळपर्यंत बोलायची. गोडं पाणी असा शब्दच गावात नव्हता. गोडं म्हणजे गूळ. ह्या एका शब्दापायी पुढचं सगळं रामायण घडलं.

गावात पोशा नावाचा आगरी होता, त्याची बायको चांगी. तिला मुलगी झाली. महिना सरायच्या आत चांगी पुन्हा मिठागरात उतरली, कारण वाफे पायांनी तुडवून घट्ट करायचे दिवस होते आणि पाय कमी पडत होते. काम संपलं की ती धावत घरी यायची, पोर उचलायची, आणि पोर किंकाळी फोडायची. मान लाल, काखा लाल, मांड्या सोललेल्या. दूध तोंडात घ्यायची नाही. आजीकडे दिलं की गप्प. आजी, म्हणजे चांगीची सासू हाशीबाय, म्हातारपणामुळे मिठागरात जात नव्हती, पण हा हिशोब कुणी जुळवला नाही. बाया म्हणाल्या, “पोरीला आई नको हाय.” हे वाक्य चांगीच्या कानात जे शिरलं ते बाहेर येईना. तिला एका जागी उभं राहवेना. चुलीपाशी जायची, दारात यायची, पाळण्यापर्यंत जायची आणि हात मागे घ्यायची.

शेवटी एका सकाळी हाशीबाय म्हणाली, “पोर वाळत चाललं गो. मथीला दूध हाय. दुपारी येल ती, पोरीला घेऊन जायल.” मथी म्हणजे पोशाची बहीण, डोंगराखालच्या वाडीत दिलेली. हाशीबायचंही काही चुकत नव्हतं. नात डोळ्यांदेखत सुकत होती.

चांगी घरातून निघाली ती बांधावरून धावत. समोरून गावोगाव फिरणारी सुईण गोमाबाय येत होती. तोंडात एकही दात नाही, काखेत गाठोडं, पुढच्या गावी बाळंतीण अडलेली. चांगीने तिला अडवलं आणि सगळं सांगितलं. गोमाबायने चांगीच्या हातावरून बोट फिरवलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

“आधी हात गोडे कर. पाय पण. मग पोर घे,” ती म्हणाली. “नि हिरवं काय तरी खात जा. सुकट खाऊन तू पण सुकट झालीस.”

एवढं बोलून ती गेली. घाईत असलेल्या शहाण्या माणसाने फार नुकसान केलेलं आहे, पाव्हणे.

चांगीने घरी येऊन बाळंतिणीच्या लाडवांसाठी ठेवलेला गूळ काढला. ढेप फोडली, पेयाच्या पाण्यात कालवली आणि हातापायांना चोपडली. तो गूळ म्हणे सव्वा शेर होता. काही जण अडीच सांगतात, ते जरा वाढवून बोलतात. मग तिने पोर मांडीवर घेतलं. पोरीने हात चाटला आणि पहिल्यांदा गप्प झाली. चांगीला वाटलं, झालं.

मग घोट्याला पहिला मुंगळा चावला.

काळे, ढुंगण वर करून चालणारे, दारातून रांगच आत आलेली. पोर सासूच्या हातात देऊन चांगी अंगणात नाचायला लागली. गाव जमलं आणि खाजवत खाजवत हसलं. पोशाही हसला. त्याचं त्याने पुढे बरंच भोगलं, ते घरगुती आहे.

हसली नाही ती हाशीबाय. ती रांगेकडे बघत होती. म्हणाली, “चाळीस वरसं या घरात हाय. मुंगळा कवा दिसला नाय. हे आले कुठून?”

चांगी नाचायची थांबली. तिच्या माहेरी, डोंगरात, मुंगळे चिक्कार. इथल्या खारट मातीत मात्र मुंगळा घर करत नाही. मग यांचं घर कुठे? ती रांगेच्या उलट निघाली. रांग अंगणातून बांधावर, बांधावरून या उंचवट्यावर. इथे काटेरी झुडपं होती आणि भूत होतं, म्हणून कुणी पाय ठेवत नसे. गावातले पुरुष बांधापाशी थांबले आणि लांबूनच तिला धीर देत राहिले.

मुंगळा राहतो तिथली माती खारी नसणार, मग खालचं पाणीही नसेल, असं म्हणत तिने झुडपं तोडली आणि बांधावरच्या फावड्याने उकरायला घेतलं. गुळाचा हात, त्यावर वाळू, त्यावर मुंगळे. त्या दिवशी सगळ्या गावात न खाजवणारी ती एकटीच होती असं सांगतात, कारण तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. ऊन डोक्यावर आलं. बांधावरून निरोप आला, मथी आली, पोर न्यायला खांद्यावर झोळी घेऊन आली. चांगीने वर बघितलं नाही. कमरेएवढा खड्डा झाला तेव्हा वाळू ओली लागली.

पोशा तिला ओढून न्यायला आला. “चल गो, लोक हसतात,” असं म्हणत खड्ड्यात उतरला. तिने ओंजळ त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला. ओठ चाटून म्हणाला, “मीठ नाय याला.” पुन्हा प्यायला आणि म्हणाला, “गोडं हाय.”

तेव्हा कुठे चांगीला गोमाबायचं बोलणं कळलं. ती खड्ड्यात मटकन बसली. माझी आजी सांगायची, ती रडली. आजोबा सांगायचे, हसली. दोघांचं यावरून जेवणाच्या वेळी भांडण व्हायचं.

तिने हात धुतले, पाय धुतले. भेगांत पाणी शिरून झोंबलं तरी धूत राहिली. हाशीबायने आपल्या केसांचं तेल आणून तिच्या हातांना चोळलं आणि पोर दिलं. पोर रडलं, सवयीने. मग हुंगलं. मग प्यायला लागलं.

मथी खांद्यावर झोळी घेऊन उभी होती. हाशीबाय तिला “बस की गो” म्हणाली, ती बसली नाही. सगळं गाव भोवती उभं राहिलं, आणि म्हणे तेवढा वेळ कुणीही खाजवलं नाही. पोर प्यालं आणि आईच्या हातावर झोपलं. मथीने झोळी खांद्यावरून काढली आणि घडी केली. पोरीचं बारसं राहिलेलंच होतं, आणि नाव ठेवायचा मान आत्याचा. पण पोर जागं होईल म्हणून ती वाकून चांगीच्या कानात बोलली. काय नाव ते कुणाला ऐकू आलं नाही.

पुढे खड्ड्याची बाव झाली. कामावरून येणारा प्रत्येक जण आधी इथे यायचा, धुवायचा, तेल लावायचा, मग घरी. सांडपाण्यावर चांगीने अळू लावलं, लाल माठ पेरला, भोपळ्याचा वेल सोडला. सुकटीत पालेभाजी पडायला लागली. दोन शिमगे गेले आणि गावात खाजवायला फक्त आळशी लोक उरले. त्यांचे वंशज आहेत, इथेच कुठेतरी उभे असतील, नावं घेत नाही.

आजही खारटेंभीत बारसं असंच होतं. आई बावेवर हात धुते, तेल लावते, पोर घेऊन बसते. आत्या रिकामी झोळी खांद्यावर टाकून उभी राहते, पोर झोपेपर्यंत, कितीही वेळ लागो. मागल्या माघात पनवेलहून एक आत्या आली होती, उंच टाचांच्या चपलेत. खुर्ची मागितली, मिळाली नाही. पोर साडेतीनला झोपलं. जेवणं थंड, बाप्ये भुकेने कळवळलेले. आत्याने चपला काढल्या, चवड्यांवर चालत जवळ गेली, वाकली आणि आईच्या कानात नाव सांगितलं. आम्ही सगळ्यांनी एकदमच विचारलं, काय ठेवलं. आईने डोळे वटारले आणि म्हणाली, “हळू बोला.”