पाठ फिरवून मारलेली गाठ

"पोरांना पहिली गाठ शिकवलीत, तर ती उद्याच ओढ्यापलीकडच्या बाभळीवर उडून जातील," बाभळीवरचा म्हातारा सुगरण पक्षी, आबा, शेजारच्या घरट्यातल्या तात्यांना सांगत होता. हे आबांच्या नव्या सुनेने ऐकायचं नव्हतं. पण गवताच्या भिंतीतून काय ऐकू येत नाही?

पाखरं माणसांसारखीच रुसायची-फुगायची, त्या काळातली ही गोष्ट. सुगरणींत घरटी नर विणतात. या बाभळीवर पोरांनी गवताची पाती आणायची, वीण घालायची. घरटं फांदीला टांगणारी पहिली गाठ मात्र आबाच मारत, तीही पाठ फिरवून.

सून गोंधळली. तिचं माहेर ओढ्यापलीकडचं. तिथे पंख फुटले की आधी हीच गाठ शिकवत, आणि तिथून कुणी जात नसे. इथून मात्र दर पावसाळ्यात पोरं जात. आबा म्हणत, "न शिकवता ही गत, शिकवलं असतं तर?"

यंदा तिचाच नवरा निघाला. घरट्यात अंडी होती. ती उबवावी की त्याच्यामागे जावं, ते तिला कळेना.

"तूच फितवलंस ना याला?" आबांनी तिला सर्वांदेखत विचारलं. "काय घेऊन चाललाय हा इथून?"

"काहीच नाही, आबा," सून म्हणाली. "इथे मिळालं नाही, ते घ्यायला चाललाय. आजची पहिली गाठ आमच्याकडे तोंड करून मारा, मग मी त्याला थांबवते."