मैनेचा कागद

सदबातात्या ढमाळांचा विषय निघाला, की मला आधी मैना आठवते. मैना म्हणजे त्यांच्या पलटणीतलं खेचर. अकरा वर्षं दोघांनी मिळून डोंगरात सुट्या केलेल्या तोफेची चाकं वाहिली आणि तात्या मणके कामातून गेल्यावरच घरी आले.

अपंगत्वाची पेन्शन नामंजूर झाली, तेव्हा अपिलाच्या सुनावणीला मीच त्यांना हाताला धरून नेलं होतं.

मोठे साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "ओझं वाहायला खेचर होतं ना? तुमची पाठ शेतात राबून गेली असणार. चाक तुम्ही उचलल्याची नोंद कुठंय?"

"माझी नसंल साहेब. पण मैनेची असंल. फौजेत जनावराचं मरण लिहून ठेवत्यात. बघा की, ती कुठं मेली?"

साहेबांनी हसत हसत पलटणीची जुनी डायरी उघडली. "खेचर मैना. हाकणारा सदबा ढमाळ. सकाळी खिंडीच्या पायथ्याशी दरड कोसळून मेली."

"आन् तोफ?"

"तोफ संध्याकाळी माथ्यावर पोचली. दोन्ही चाकांसह. बदली खेचर मिळालं नाही."

"मग साहेब, मैना तर सकाळीच मेली. तिच्यावरचं चाक माथ्यापर्यंत कुणाच्या पाठीवरनं गेलं?"

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी अपील मंजूर केलं आणि मवाळ आवाजात विचारलं, "आणखी काही हवंय?"

"त्या पानाची एक नक्कल द्या," तात्या म्हणाले. "माझ्याकडं तिचा फोटो न्हाई."