हवेचं बटण

"मास्तर, दुसऱ्या रचनेत तुम्ही वाजवलंच नाहीत ना?"

बावतीस मास्तर अकॉर्डियन गळ्यात तसंच ठेवून बसले होते. वसईच्या त्या सभागृहातले लोक केव्हाच जेवायला पांगले होते. मंचावर दोनच खुर्च्या होत्या, एकमेकांचा भाता दिसावा म्हणून जराशा आत वळवलेल्या.

इनासला राग आला होता, पण धड रागावण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. महिन्यातला हा नववा कार्यक्रम. गुरू आणि शिष्य, दोन अकॉर्डियन, तीनशे वर्षांपूर्वीच्या संगीतापासून गेल्या वर्षी लिहिलेल्या संगीतापर्यंत. बारा वर्षं हेच चाललं होतं.

"भाता हलत होता की," मास्तर म्हणाले.

"भाता हलत होता, सूर नव्हता. तुमचा अंगठा हवेच्या बटणावर होता."

ते बटण दाबलं की भाता उघडतो, मिटतो, पण नुसती हवा ये-जा करते.

"बोटं वळेनात रे. पहिल्या रचनेनंतरच..."

"मग थांबायचं ना. लोकांना काय दाखवत बसलात?"

मास्तर बोटं चोळत राहिले.

मग इनासने आठवडाभर मनात घोळवलेलं एकदाचं सांगून टाकलं. ईस्टरनंतर तो एकटा वाजवणार होता. सगळी शतकं आता त्याच्या बोटांत बसली होती, दुसऱ्यासाठी खोळंबून राहणं त्याला जमणार नव्हतं. टाळ्या जरा जास्तच अंगी लागल्या होत्या त्याच्या. बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, तरी तो थांबला नाही.

"बरं," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "ती दुसरी रचना तू दर वेळी पळवतोस. तिसऱ्या पानावर माझी दमछाक होते. आज पळवली नाहीस."

"...नाही."

"ते कसं काय?"

इनास आठवू लागला. तीनशे वर्षांपूर्वीची ती संथ रचना आज पहिल्यांदाच त्याच्या हातून नीट झाली होती. त्याची नजर सगळा वेळ समोर होती. मास्तरांचा भाता उघडला की त्याचा उघडत होता, मिटला की मिटत होता.

"म्हणजे आज मी एकटाच वाजवत होतो," तो हळूच म्हणाला.

"एकटाच."

पट्टा सोडवायला मास्तरांनी हात वर नेला. तो अर्ध्यावरच राहिला... इनास उठला, त्यांच्या खांद्यावरून पट्टा काढला आणि अकॉर्डियन पेटीत ठेवलं. कित्येक वर्षांत त्याने हे केलं नव्हतं.

"मग ईस्टरनंतर..." त्याला पुढचं विचारवेना.

"एकटा वाजव," मास्तर म्हणाले. "खुर्च्या मात्र दोन मांडत जा."