हुल्याळकर वकिलांची गुरुवारची तारीख

आईशप्पथ, ही गोष्ट शब्दन् शब्द खरी आहे.

म्हणजे मी तिथं नव्हतो. मला कोर्टासमोरच्या टायपिस्टनं सांगितली, आणि तो दिवसभर लोकांची शपथपत्रं टाइप करतो. त्यामुळं खऱ्याखोट्याचं तुमचं तुम्ही बघा.

"…पण सर, त्रेचाळीस वर्षांत तुम्ही किती संसार मोडले असतील?"

हे विचारलं ऋतुराज बेडगकरनं. वय एकोणतीस. कायद्याच्या परीक्षेत सुवर्णपदक. वकिली तीन वर्षं, हरलेल्या केसेस शून्य. हे शून्य तो न विचारता सांगायचा.

विचारलं हुल्याळकर वकिलांना. वय बहात्तर. आमच्या भागातले निम्मे घटस्फोट त्यांच्या हातचे. रविवारची दुपार होती. घरातल्याच ऑफिसात ते गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसले होते. कोर्टात उभं राहून राहून गुडघे गेलेले.

"मी एकही मोडला नाही," ते म्हणाले. "मोडून आले, त्यांना पावती दिली."

"पण जिंकलात किती!"

"जिंकलो…"

त्यांनी बादलीतल्या पाण्यात पाय हलवले.

"एक जोडपं होतं. दोघं इंजिनियर. सगळं वाटून झालं आणि प्रेशर कुकरवर अडलं. अकरा महिने भांडलो. मी नवऱ्याला कुकर मिळवून दिला. झाकण तिच्याकडं गेलं."

"मग?"

"मग काय. दोघंही बाहेर जेवतात."

ऋतुराज हसला. सर हसले नाहीत. मग ऋतुराजनंही हसू आवरतं घेतलं आणि बॅगेतून एक फाइल काढून टेबलावर ठेवली.

"सर, घटस्फोटाची केस आणलीय. तुम्हीच चालवायची. उद्याच दाखल करू."

"पक्षकार कोण?"

"मी."

…

ऋतुराजची बायको शर्वरी अठरा दिवसांपूर्वी माहेरी निघून गेली होती. इचलकरंजीला. लग्नाला दोन वर्षं झाली होती. ऋतुराजनं अर्ज स्वतःच टाइप केला होता. चौदा पानं, वर अनुक्रमणिका.

सरांनी चष्मा लावला. चौदाच्या चौदा पानं वाचली.

"मसुदा सुंदर आहे."

"थँक्यू, सर."

"'क्रूरता' हा शब्द नऊ वेळा आलाय."

"मुद्दामच, सर."

"आणि 'मीठ' अकरा वेळा."

सरांनी पान उलटलं.

"पॅरा सहा. 'आमटीतील मिठाबाबत अर्जदाराने सात प्रश्न विचारले असता सामनेवालीने फक्त दोन प्रश्नांची उत्तरे दिली.' बायकोची उलटतपासणी घेतलीस?"

"एकही प्रश्न विषय सोडून नव्हता, सर."

"तुझी आई कुठं होती तेव्हा?"

"समोरच. गावाहून चार दिवसांसाठी आली होती. साक्षीदार म्हणून बसवली."

सरांनी चष्मा काढला. डोळे चोळले. पुन्हा लावला. अर्जात काही फरक पडला नव्हता.

तेवढ्यात सिंधूकाकू चहा घेऊन आल्या. सरांच्या मिसेस. ऋतुराज उठून पाया पडला.

"कुणाचं मोडतंय?" फाइलकडं बघून काकूंनी विचारलं.

"ह्याचं," सर म्हणाले.

"अरे देवा. पोहे टाकते, खाऊन जा." दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "अहो, गुरुवारी आपली तारीख आहे. नेमकी माझी भिशी आलीय. ह्या वेळी तुम्ही मुदत मागा."

"मागच्या वेळी मीच मागितली."

"मागच्या वेळी मी. तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून."

"बरं."

काकू आत गेल्या. ऋतुराजनं चहाचा कप तसाच हातात धरला होता.

"सर… आपली तारीख म्हणजे?"

सरांनी कपाटाच्या माथ्याकडं बोट केलं. ऋतुराजनं स्टुलावर चढून गठ्ठा काढला. फडक्यात बांधलेला, उशीएवढा. वर लिहिलं होतं… हुल्याळकर विरुद्ध हुल्याळकर. घटस्फोट. सन १९९६.

"सर! म्हणजे तुमचा आणि काकूंचा…"

"प्रलंबित आहे."

"पण झालं काय होतं?"

"ते पहिल्या पानावर होतं. पहिलं पान वाळवीनं खाल्लं."

ऋतुराजनं गाठ सोडली. आत सगळे मुदतीचे अर्ज. आज सुनावणी नको, पुढची तारीख द्या, म्हणून कोर्टात देतात ते. अर्जदार म्हणजे सर, सामनेवाली म्हणजे काकू. तो वाचायला लागला.

'अर्जदाराच्या मुलीची दहावीची परीक्षा आहे. मुदत मिळावी.'

'सामनेवाली कैरीचे लोणचे घालत असून हात रिकामे नाहीत. मुदत मिळावी.'

'अर्जदारास कावीळ झाली असून पथ्याचे सर्व सामनेवालीस करावे लागते. मुदत मिळावी.'

'सामनेवालीचे वडील वारले. अर्जदार खांदा देण्यास गेला आहे. मुदत मिळावी.'

इथं तो थांबला.

"सहा जज बदलले," सर म्हणाले. "तिचा वकील वारला. आता तिचेही अर्ज मीच लिहितो. म्हणते, तुमचं अक्षर बरं आहे."

"हे नियमात बसत नाही, सर."

"नाही बसत."

"दोघं कोर्टात जाता कसे?"

"एका रिक्षानं. तिचेही गुडघे गेलेत."

ऋतुराजनं गठ्ठा खाली ठेवला. त्याचा आवाज चढला. वकिलाचा चढतो तसा.

"म्हणजे सगळ्यांनी नुसत्या तारखा घेत बसायचं? कुणी सुटायचंच नाही?"

सरांनी एक पाय बादलीतून काढला. मग दुसरा. पंच्यानं सावकाश पुसले.

"परवा एक पोरगी आली होती. हातावर कोपरापर्यंत चटके. तिला मी एक दिवसाची मुदत दिली नाही. त्याच दुपारी कोर्टात उभा राहिलो, ह्याच पायांवर…"

…

"तू बाही वर कर," सर म्हणाले.

ऋतुराजचा शर्ट कडक इस्त्रीचा होता. त्यानं बाही वर केली नाही.

सरांनी कोरा कागद त्याच्यापुढं सरकवला.

"लिही. मुदतीचा अर्ज. उद्या मी ही केस दाखल करणार. करू नये असं वाटत असेल, तर माझ्याकडं मुदत माग."

"आणि वाटत नसेल तर?"

"तर उद्या अकरा वाजता ये. मी कोट घालून तयार असतो."

ऋतुराज कागदाकडं बघत बसला. मग त्यानं लिहिलं, 'अपरिहार्य कारणास्तव.' सरांनी कागद फाडला.

त्यानं लिहिलं, 'वैयक्तिक अडचणीमुळे.' तोही फाडला.

"कारण खरं लागतं," सर म्हणाले. "खोटं कारण कोर्टात चालतं, माझ्याकडं नाही."

पोहे आले. पोहे गार झाले. सुवर्णपदकवाला पेनचं टोपण चावत बसला होता. त्याला युक्तिवाद सुचत होते, कारण सुचत नव्हतं.

शेवटी त्यानं गार पोह्यांचा एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. आणि खाली मान घालून एक ओळ लिहिली.

'अर्जदार अठरा दिवस स्वतःच्या हातची खिचडी खात असून तिच्यात मीठ किती घालायचे हे त्यास माहीत नाही. मुदत मिळावी.'

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. खाली सही केली.

"मंजूर. पंधरा दिवस."

"आणि पंधरा दिवसांनी, सर?"

"नवं कारण शोधायचं." त्यांनी जांभई दिली. "दमायला होतं. सांगून ठेवतो."

ऋतुराज उठला. बॅग खांद्याला लावली.

"थांब. मुदत खर्चासह मंजूर आहे. दोनशे रुपये."

वारंवार तारीख मागणाऱ्याला कोर्ट असा खर्च लावतं. ऋतुराजला ते माहीत होतं. त्यानं निमूटपणे फोन काढला.

"नंबर सांगा, सर. आत्ता पाठवतो."

सरांनी नकारार्थी मान हलवली. आत काकूंनी फ्रीजचं दार उघडून बंद केल्याचा आवाज आला.

"तो फ्रीज माझ्या खर्चातून आलाय," सर म्हणाले.

ऋतुराजला कळलं नाही. त्यानं पाकीट काढलं, शंभराच्या दोन नोटा पुढं धरल्या.

सरांनी हात मागं घेतला. दोन्ही पाय पुन्हा बादलीत सोडले. पाणी गार झालं होतं.

"मला कशाला देतोस? खर्च समोरच्या पार्टीला द्यायचा असतो. रोख, तिच्या हातात… इचलकरंजीची गाडी साडेचारला आहे."