मातीतल्या भट्ट्या

“...पण या वयात व्यायाम करून उपयोग काय, वस्ताद?”

हिंदुराव वस्ताद ऐंशीचे. हातातलं खोरं न थांबवता ते तालमीतली लाल माती उकरत होते. काठावर उभे असलेले प्राध्यापक देवस्थळी सत्तरीचे, जन्मभर जीवशास्त्र शिकवलेले. थोरल्या नातवाच्या मुंजीत ते हौसेनं पंगतीत बसले आणि उठताना दोघांनी त्यांना बखोटीला धरून उभं केलं. सगळं कार्यालय बघत होतं. पुढच्या महिन्यात धाकट्याची मुंज, म्हणून सर आज तालमीत आले होते.

“पायांत जोर का नाही ते मला पक्कं ठाऊक आहे,” ते ऐटीत म्हणाले. “मायटोकॉन्ड्रिया!”

“ते काय असतंय?”

“स्नायूंच्या पेशीतल्या बारक्या भट्ट्या. अन्नातून शक्ती काढतात. म्हातारपणी मंदावतात.”

“आन् मेहनत केली तर?”

“नव्या तयार होतात. अगदी म्हातारपणीसुद्धा.”

“व्हय?”

“...पुस्तकात तसं आहे.”

“चित्र काढून दावा की, सर. हितं मातीतच.”

शिकवायचं म्हटल्यावर देवस्थळी विरघळले. चपला काढून आत आले, उकिडवे बसले आणि बोटानं लांबट पेशी काढली, तिच्यात भट्टी. उठताना मात्र वस्तादांचा दंड धरावा लागला.

वस्तादांनी डोळे बारीक केले. “हितं दिसंना झालंय. खिडकीपाशी काढा.”

दुसरं चित्र झालं. खोऱ्याचा दांडा धरून सर उठले.

“आन् ही नवी भट्टी येती कुठनं? त्या कोपऱ्यात काढा, तिथं जागा हाय.”

“अहो, किती वेळा सांगू तुम्हाला!”

घामाघूम झाले होते, तरी बसले. एका भट्टीतून दुसरी निघताना काढली आणि स्वतःच्या गुडघ्यांवर तळवे रेटत, धापा टाकत उभे राहिले.

“आता तरी कळलं?”

वस्ताद लांबूनच त्यांच्या गुडघ्यांकडे बघत होते...

देवस्थळींनी खाली बघितलं. मग आजूबाजूला. हाताशी ना माणूस, ना दांडा. त्यांना एकदम हसू फुटलं, अगदी पोरासारखं.

तोवर वस्तादांनी खोरं उचललं आणि तिन्ही चित्रं उकरून टाकली.

“अहो, अहो! हे काय केलंत?”

“हितली माती रोज उकरत्यात, सर. उद्या परत काढा.”