सावरीचा उजवा हात

फार पूर्वी, अंगातले अवयव आपसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. नदीकाठच्या उंबरावर सावरी नावाची वानरी राहायची. एकदा पुरात तिची धाकटी बहीण वाहून जाऊ लागली. सावरीने पोटाशी पिल्लू असतानाच डाव्या हाताने फांदी धरली आणि उजव्या हाताने बहिणीचं मनगट.

पाण्याची ओढ वाढत गेली. उजव्या हाताचा स्नायू ताणून लाकडासारखा झाला. त्याला हाडाशी बांधणारी शीर कळवळून कण्याला म्हणाली, "दादा, आता मी तुटते!"

कण्याने डोक्याला विचारलंच नाही. "सैल पड," असं त्याने स्नायूला परस्पर सांगितलं. मूठ उघडली आणि बहीण गेली.

"मी सोडलं नव्हतं!" सावरीने हंबरडा फोडला. "मला न विचारता कुणी सोडलं?"

"मी," कणा म्हणाला. "विचारलं असतं तर तू सोडू दिलं नसतंस. शीर तुटली असती. बहीण तर गेलीच असती, वर हातही गेला असता."

"मग जाऊ द्यायचा होतास!"



याच हाताने सावरी रोज बहिणीच्या उवा वेचायची. त्यानंतर ती त्या हाताने कुणालाच शिवली नाही. पिल्लाला यातलं काय ठाऊक! झोपताना ते नेमकं त्याच हाताचं बोट शोधायचं.