निळा राम

"मग दीक्षा कधी देता, बुवा?"

त्रिंबकनं बसता बसताच विचारलं. नमस्कार करायचा राहिला होता, तो मग घाईनं उरकला.

भैरोबुवा मठाच्या ओसरीवर तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "एवढी घाई?"

"मला राम दिसतो."

बुवांचा हात थांबला.

"रोज सकाळी तुमच्या अंगणातल्या मारुतीसमोर बसतो. पापणी लवू देत नाही. मग या पांढऱ्या भिंतीकडे पाहिलं, की राम उभा. निळासावळा. मारुतीएवढाच..." खोटं बोलत नव्हता बिचारा. "आता संसारात माझं काय राहिलंय?"

संसार पायरीवर बसला होता. राही, त्याची बायको. कायमची माहेरी जा, असं त्यानं तिला कालच सांगून टाकलं होतं. आपले कपडे एका जुन्या हिरव्या लुगड्यात बांधून, गाठोडं शेजारी ठेवून, ती बुवा काय म्हणतात ते ऐकत होती.

"ढगाळ दिवशी दिसतो राम?"

"दिसतो... पण फिका."

"आणि गाभाऱ्यात, अंधारात?"

"तिथं नाही."

"म्हणजे रामाला ऊन लागतं."

"थट्टा करताय?"

"छे. पोरी, तेवढं गाठोडं उन्हात ठेव बघू."

राहीनं गाठोडं अंगणात ठेवलं.

"याच्याकडे पाहा. मारुतीकडे पाहतोस तसंच."

"गाठोड्याकडे?"

"हं."

त्रिंबकला राग आला होता. पण दीक्षा हवी होती, म्हणून बसला. पापणी न हलवता पाहत राहिला. लुगड्याला एका जागी बारीक टाके घातले होते. गाठ फार आवळून मारली होती. कोपऱ्यातून लाकडी फणी बाहेर आली होती. ऊन चढत गेलं.

"आता भिंतीकडे."

त्यानं मान वळवली.

"राम?"

"...नाही."

"मग?"

"लाल. गोल..." त्याची नजर राहीच्या कपाळावर गेली आणि तिथून लगेच खाली आली.

भिंत पुन्हा पांढरी झाली.

"म्हणजे तो राम नव्हता?" त्रिंबकनं विचारलं. आवाज इतका लहान झाला होता, की ऐकणाऱ्याला वाईट वाटावं.

"शेंदूर नारिंगी. उन्हात त्याच्याकडे पाहून पाहून डोळा त्या रंगाला थकतो. मग पांढऱ्यावर त्याला निळं दिसतं. हिरव्याला थकला, की लाल. सगळ्यांनाच दिसतं. मलाही दिसतं."

"मग इतके दिवस मी बसलो, ते..."

बुवा पुन्हा तांदूळ निवडू लागले.

राही उठली. अंगणात जाऊन गाठोडं उचलायला वाकली.

"राहू दे ते, पोरी," बुवा म्हणाले. मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"शेंदराकडे तू रोज पापणी न लववता पाहत बसलास, त्रिंबक. हिच्याकडे एवढा वेळ कधी पाहिलंस?"